शांतिसेनेची कारणं

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

सदतीस वर्षं एकच भाषण केलं. आणि ते चुकीचं होतं.

लिहून टाकलं की हलकं वाटेल म्हणून लिहिलं. वाटलं नाही.

सकाळी गणपत सुभेदार येऊन गेले. दादाच्या पलटणीतले, जाफन्यात त्याच्याबरोबर होते. शाळेच्या फाटकापाशी दादाच्या नावाचा दगड बसतोय. सतरा ऑक्टोबर, तो गेला तो दिवस. बोलायचं मीच. "दरवर्षीचाच बोला बाई. जरा लांबवा इतक्याच. ओरोससून पाव्हणे येतले." दगडावर काय कोरायचं तेही ठरलंय – हवालदार महादेव पालव, शांतीसाठी धारातीर्थी, १९८७.

'शांतीसाठी' हा शब्द माझा. पहिल्या पुण्यतिथीला मीच दिला. तेव्हापासून दरवर्षी शाळेच्या व्हरांड्यात उभी राहून सांगते – जगाच्या इतिहासात सैन्यं मुलूख जिंकायला गेली, माझा भाऊ दुसऱ्याच्या घरातली आग विझवायला गेला. लोक टाळ्या वाजवतात. वयनी, दादाची बायको, पुढच्या बाकावर बसते. टाळी वाजवत नाही, पदर सारखा करते. मला ती तिची दाद वाटायची.

लांबवायचं म्हणून चतुर्थी झाल्यावर पुस्तकं घेऊन बसले. श्रीलंकेत लढलेल्या अधिकाऱ्यांच्या आठवणी, त्या वेळच्या मुत्सद्द्यांची पुस्तकं, जुनी कात्रणं. इतकी वर्षं इतिहास शिकवला. प्रत्येक लढाईची कारणं मुलांकडून घोटून घेतली – तात्कालिक कारण, मूळ कारण. घरातला माणूस ज्या लढाईत गेला तिची कारणं कधी वाचली नव्हती.

१६ सप्टेंबर

राग मावत नाही. लिहूनच घेते.

आग विझवायला गेलो म्हणते मी. पण आगीत लाकडं कुणी घातली? त्र्याऐंशी साली कोलंबोत तमिळांची कत्तल झाली, ती खरीच. त्यांची कीव यायलाच हवी होती. पण त्यानंतर त्या पोरांना आपल्याच भूमीवर बंदूक शिकवली. कोलंबोच्या सरकारवर वचक राहावा, त्रिंकोमालीचं बंदर परक्या आरमाराच्या हातात जाऊ नये, तामिळनाडूत मतं बिघडू नयेत – तिन्ही गणितं एकाच पाटीवर. मग सत्याऐंशीच्या जुलैत घाईघाईने करार. सही दोन सरकारांची. ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्यांची सहीच नाही! आणि त्यांनी बहात्तर तासांत शस्त्रं खाली ठेवायची.

नाही ठेवली. ऑक्टोबरात आपण शिकवलेल्या पोरांवर आपलेच जवान सोडले. थोड्या दिवसांत आटपेल असा अंदाज होता. बत्तीस महिने चाललं. बाराशेच्या आसपास आपले गेले. पुढे तर कोलंबोने त्याच बंडखोरांना हत्यारं दिली, आपल्याला घालवायला. परत आलेली जहाजं मद्रासला लागली तेव्हा तिथला मुख्यमंत्री स्वागतालासुद्धा फिरकला नाही.

हे सगळं छापलेलं होतं. तीस-पस्तीस वर्षं. मी वाचलं नाही कारण मला वाचायचं नव्हतं.

१८ सप्टेंबर

वयनी : "काय ता इतक्या वाचतस गो?" म्हटलं, जुनंच. पुस्तक पालथं घातलं. चोरासारखं.

२१ सप्टेंबर, रविवार

आता खरी गोष्ट. ती टाळायला तीन पानं दिल्लीला शिव्या देत बसले.

यंदा चतुर्थी सत्तावीस ऑगस्टला होती. सत्याऐंशीलाही सत्तावीस ऑगस्टलाच. दादा तेव्हा सुट्टीवर आला होता. पंधरा वर्षं भरत होती. पेन्शन घेऊन घरी यायचं, की आणखी दोन वर्षं वाढवून घ्यायची? वयनीचं म्हणणं साधं होतं – वर्षाली दोन वर्षांची झाली, बापाला बघून रडते, या. दादाने वरच्या भरडावर, माळजमिनीत, काजूसाठी खड्डेसुद्धा मोजले होते.

दुपारी पडवीत तिघं बसलो. शांतिसेना बेटावर उतरून महिना होत आला होता. गोळी सुटली नव्हती. वर्तमानपत्रांत हार घातलेल्या जवानांचे फोटो. मी तीस वर्षांची. मालवणच्या बाजारपेठेत त्याच आठवड्यात त्या विषयावर बोलून आले होते, चांगली चार-पाचशे माणसं होती. तोच घसा घेऊन घरी आले आणि भावासमोर उभी राहिले.

काय बोलले ते शब्दन् शब्द आठवतं. "तुझी पलटण इतिहास घडवायला निघालीय आणि तू काजू लावणार?"

दादा आंबोळी खात होता. काही बोलला नाही. ऐकत होता, मधेच हसत होता. वयनी दोनदा काहीतरी म्हणायला गेली, मी तिला बोलू दिलं नाही. मला बोलणाऱ्या माणसाला मधे तोडता येतं. न बोलणाऱ्याला तर तोडावंही लागत नाही.

शेवटी दादा म्हणाला, "बरा तर. देवीक इचारया." देवळात कौल लावला; मूर्तीवरची उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार.

सप्टेंबरात गेला. ऑक्टोबरात गेला.

२४ सप्टेंबर

वर्षालीचा ओरोसहून फोन. दोन वर्षांची होती ती, आता चाळीस. गणपत सुभेदारांनी तिच्या कानावर घातलंय – आत्या यंदा निराळंच बोलणार म्हणते. परवा त्यांच्यापाशी ओझरतं बोलून गेले होते.

"आत्या, तू काय बोलायचं ते बोल. पण आई समोर बसणार आहे."

म्हटलं, म्हणूनच.

"म्हणूनच म्हणजे? तिच्याकडे तेवढी एकच गोष्ट आहे. शांतीसाठी गेले. ती काढून घेतलीस तर हातात काय देणार आहेस तिला?"

फोन ठेवला. ओरोसच्या कचेरीत नोकरी करून पोरगी बोलायला शिकली, की माझ्याकडूनच शिकली कोण जाणे.

२७ सप्टेंबर, शनिवार

गणपत सुभेदारांना सगळं वाचून दाखवलं. वाटलं भडकतील. ते चहा बशीत ओतून फुंकत राहिले.

मग म्हणाले, "बाई, आमका कारण कोणी सांगूक नाय. आमी इचारूक पण नाय. विमानातसून पलालीच्या धावपट्टीर उतारलव. नकशे जुने. जो रस्तो नकशावर होतो तो जाग्यार नाय, जाग्यार होतो तो नकशावर नाय. महादू माका म्हणता, गणपत, ह्या गाव आमच्यासारख्याच दिसता रे. माड, वाळू, कुडाची घरा."

हे त्यांनी अडतीस वर्षांत मला कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. मी बोलत होते ना दरवर्षी.

"मग खरं बोलू की नको?"

"बोला. पण त्या दगडाचा काय करूचा? पाथरवटान 'शांतीसाठी'तलो शां कोरून ठेवलो हा."

दोघंही हसलो. मग त्यांनी डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

२ ऑक्टोबर, दसरा

वयनीने आज नवं बांधलं. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याचं पान, दाराच्या चौकटीला. मी खाली उभी राहून एकेक जुडी वर देत होते. ती पाटावर उभी. चौसष्ट वर्षांची बाई, पण पाटावर मलाच चढू देत नाही – "तू पडशीत, आणि मगे माकाच करूचा लागात."

पाठ माझ्याकडे होती तिची. तशीच म्हणाली, "पुस्तका कित्याक लपयतस?"

मी जुडी धरून उभी.

"चौथी शिकलंय मी. अक्षरा लागतत माका. तू दगडाच्या कामाक शाळेत गेलस काय वाचतंय."

म्हणजे वयनीने वाचलंय. सगळं नाही, म्हणाली. खुणा केलेली पानं तेवढी. करार, बंदर, बंदुका.

"वयनी, मी तुला सांगणार होते –"

"काय सांगतलंस? ती लढाय चुकीची होती? माका जाफना म्हायत नाय. माका पडवी म्हायत आसा."

हातातली जुडी खाली ठेवली. उंबऱ्यावर बसले.

ती खाली उतरली, पाट उचलून भिंतीला लावला आणि माझ्या शेजारी बसली. आवाज चढवला नाही. मालवणी माणूस आवाज न चढवता बोलला की समजावं, पुष्कळ दिवस साठवलेलं आहे.

"आणि देवीक काय इचारलव ता याद आसा तुका? गुरवाक गाऱ्हाण्याचे शब्द तू दिलस. 'देशाच्या कामाक निघालो हा म्हाराजा, तेका यश दी.' उजवी पाकळी पडली. पडतलीच. जावचा काय नाय ता खंय इचारलव? परत येतलो काय ता खंय इचारलव? देशाच्या कामाक यश देव नको, असा देवी कशी म्हणतली?"

मग पदर सारखा करत, "देवी चुकाक नाय. इचारणारी चुकली."

दिल्लीतही नेमकं हेच झालं असणार. टेबलाभोवती बसलेल्या शहाण्यांनी विचारलं असेल – करार यशस्वी करायला फौज पाठवावी ना? उजवी पाकळी पडली. ती पोरं उलटली तर काय, हे कुणी विचारलंच नसेल. इतक्या पुस्तकांत जे मला नीट मांडता आलं नाही ते वयनीने चौकटीला नवं बांधता बांधता मांडलं.

"इतकी वर्षं बोलली नाहीस," मी म्हटलं.

"कोणाक सांगू? घरात तूच एकटी."

३ ऑक्टोबर

आज पुस्तकं उघड्यावर, पडवीतल्या बाकावर ठेवली. वयनीने त्यावर सुपारी फोडायचा अडकित्ता ठेवला.

५ ऑक्टोबर

तिने मला घरातून काढलं असतं तर? कुणी तिला नाव ठेवलं नसतं. उलट टायफॉइड झाला तेव्हा सोळा दिवस माझ्या उशाशी बसली. माझ्या नोकरीच्या पहिल्या बदलीत मासे वाळवून डब्यात भरून दिले. माझ्यामुळे विधवा झाली असं समजत होती आणि माझ्या डब्यात सुके बांगडे भरत होती. हे कोणत्या पुस्तकात बसवू?

९ ऑक्टोबर

भाषण लिहिलं. वयनीला वाचून दाखवलं. भात कापायचं पाऊस थांबेपर्यंत खोळंबलंय, तिला वेळ होता.

"तो 'धगधगत्या' शब्द काढ."

का?

"दर खेपेक धगधगता. कंटाळो इलो."

काढलं. मग 'नियतीच्या पटावरची प्यादी' काढायला लावली – "महादू प्यादा नाय होतो. माणूस होतो. तेका मिशी होती." मग 'बलिवेदी'. नऊ पानांची पाच झाली. कधी कुणी माझं भाषण असं छाटलं नव्हतं. वाचताना लक्षात आलं, उरलेल्या पाच पानांत खोटं काही नाही.

शेवटी तिने विचारलं, "आणि थयच्या बायलांचा काय? त्येंचा लिवलंस नाय."

"कुठल्या?"

"जाफन्यातल्या. गोळ्ये दोनीकडसून सुटतत मां? त्येंच्या घरात पण माणसा मेली असतली. आमच्या माणसांनी मारलेली."

हो, मेली. शेकड्यांनी. पुस्तकांत आहे. मी खूण केली नव्हती त्या पानांवर.

लिहिलं. एक परिच्छेद. तो भाषणातला सगळ्यात साधा परिच्छेद आहे.

आणखी एक गोष्ट ठरवली, ती तिला सांगितली नाही. पडवीबद्दल बोलणार आहे.

१२ ऑक्टोबर

पाथरवटाकडे जाऊन आलो, आम्ही दोघी आणि सुभेदार. वयनीने दगडावरून हात फिरवला. मग सुभेदारांना म्हणाली, "नाव आणि सन ठेवा. बाकी गुळगुळीत करा." पाथरवट म्हणाला, शां खोल गेलोय, खळगा राहील. "रवांदे. खळगो रवलो तरी चालात."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

झालं.

पाऊस नव्हता. शाळेचं पटांगण भरलेलं. ओरोसचे पाहुणे, माजी सैनिकांच्या टोप्या, वर्षाली आईला चिकटून. चाळीस वर्षं बोलतेय, पण आज माईक दोन्ही हातांनी धरला.

सावकाश बोलले. हातवारे नाहीत. करार कसा झाला, कुणाची सही होती, कुणाची नव्हती. बंदराची भीती खरी होती, तमिळांचं दुःखही खरं होतं, आणि तरीही पाठवणं चूक होतं. जवान चुकले नाहीत; त्यांना जिथे उभं केलं तिथे ते उभे राहिले. जाफन्याच्या बायकांचा परिच्छेद वाचला.

मग म्हटलं, "दिल्लीला जाब विचारून मी सुटत नाही. माझ्या भावाला घरी यायचं होतं. तेव्हा आमच्या पडवीत एक भाषण झालं. ते मी केलं. त्या भाषणानंतर तो गेला. सदतीस वर्षं तुमच्यापुढे बोलले, ते हे बोलायला लागू नये म्हणून."

टाळ्या नाहीत. मागून एक तरुण उठला – जितेंद्र, माझाच विद्यार्थी, आता कुठल्याशा संघटनेचा पदाधिकारी. "बाई, हा शहिदाचा अपमान आहे. दगडावरून शांती पुसली ती कुणाला विचारून?"

मी तोंड उघडणार तोच वयनी उठली. माईक नको म्हणाली.

"माका इचारून. घोव माझो होतो. अपमान झालो काय नाय ता मी सांगतलंय. तू खाली बस. चाय येतली हा."

तो बसला. पहिल्यांदा हसले ते गणपत सुभेदार. मग सगळं पटांगण. मग पुष्कळ जण रडले. वर्षाली माझ्याजवळ आली आणि माझ्या हातातली पानं घेऊन नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली.

दगडावर एक खळगा आहे. उन्हात दिसतो.

१८ ऑक्टोबर

वयनी सकाळपासून तोफखाना. पेजेत मीठ जास्त – माझ्यामुळे. चूल धुरावली – माझ्यामुळे. "त्या दिवशी गप रवलं असतंस तर आज माझ्या दारात काजीचा बाग असता!" ओरडून सांगितलं, शेजारच्या संचिताला ऐकू जाईल असं. अडतीस वर्षांत पहिल्यांदा.

मग दुपारी माझ्या ताटात शिंपल्यांच्या कालवणाची आणखी एक वाटी. न विचारता.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. दादाच्या फोटोला ओवाळलं. वयनी म्हणाली, "ओवाळ, ओवाळ. आता बरा सुचता." रोज एकदा तरी ऐकवते. मोकळं ऐकवते, आणि मग चेहरा असा दिसतो – पोर तापातून उठल्यावर दिसतं तसा. रात्री घोरते चक्क. मी तिला कधी घोरताना ऐकलं नव्हतं.

२६ ऑक्टोबर, रविवार

वयनी कापणी बघायला मळ्यात गेली होती. गणपत सुभेदार आले. त्यांना दगडावर दादा भरती झाला ती तारीखही कोरायची होती, म्हणून त्यांनी पलटणीच्या दप्तरात लिहिलं होतं. उत्तर आलं. दादाच्या नोकरीच्या नोंदीची नक्कल, एकच पान.

"भरतीची तारीख मिळाली, बाई," म्हणाले. आणि दुसऱ्या एका ओळीवर बोट ठेवलं.

मुदतवाढ दोन वर्षं. स्वेच्छेने. सही केल्याची तारीख : ९ जुलै १९८७.

तीनदा वाचलं. जुलै. करार व्हायचा होता. शांतिसेना हा शब्दही कुणाच्या कानावर नव्हता. चतुर्थी दीड महिना दूर.

म्हणजे पडवीत आंबोळी खात बसला होता तेव्हा सही होऊन गेली होती. मी ओरडत होते तेव्हा. वयनी दोनदा बोलायला गेली तेव्हा. गुरव गाऱ्हाणं घालत होता, पाकळी पडत होती, तेव्हा. त्याचं ठरलेलं होतं. बायकोला सांगायचा धीर नव्हता. बहीण बोलायला लागली – बोलू दे म्हणाला. हसत होता ते म्हणूनच.

का केली सही? पलटण आवडत होती? सवय झाली होती? की पेन्शन घेऊन परतायची भीती? नोंदीत कारणाचा रकाना नाही. निर्णय आधी, कारणं मागाहून जमा करायची – हे मी गेले दीड महिना दिल्लीबद्दल लिहितेय.

सुभेदार उठताना म्हणाले, "ह्या तुमचा ओझा नव्हता, बाई. वयनींका दाखवा. सुटलात तुमी."

पाठीवरून खरोखर काहीतरी उतरलं. पाच मिनिटं. दादा, लबाडा, म्हणून हसलेही. मग मळ्याकडून वयनीचा आवाज आला, कापणाऱ्या बायकांना दरडावणारा, तरण्या बाईसारखा खणखणीत.

२८ ऑक्टोबर

वयनीने विचारलं, सुभेदार कित्याक इल्ले? म्हटलं, भरतीची तारीख द्यायला. "आणि काय?" आणि काही नाही. कागद लपवणाऱ्या सरकारांवर आयुष्यभर तोंड टाकलं. आज पान चुलीत घातलं. मेलेल्या नवऱ्यावर रागवून ती काय करणार, तो एवढासा फोटो. तिला रागवायला घरात हाडामासाचं माणूस हवं.

मी आहे.